चक्की चालू असताना साडू काय बोलला

जबाब

नाव: ईश्वरदास रामाजी धकाते. वय: ५७ वर्षे. धंदा: मिरची, हळद, धने यांचे दुकान व दळणाची चक्की. शिक्षण: दहावी. राहणार: बेसा, नागपूर, घर दुकानाच्या मागेच. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्याने थोडे येते. हे चक्कीमुळे झाले आहे. प्रश्न मोठ्याने विचारावेत आणि शेवटी वाचून दाखवतानाही मोठ्याने वाचावे, अशी विनंती मी सुरुवातीलाच केली. लेखनिक हवालदार साहेबांनी ती मान्य केली.

मी समक्ष सांगतो की, मला आज कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो आहे. माझा साडू दुर्गेश बारापात्रे, म्हणजे माझी पत्नी सिंधू हिची धाकटी बहीण दिपाली हिचा नवरा, याला सकाळी चौकशीसाठी आणल्याचे कळले, म्हणून भर सीझनमध्ये दुकानाचे शटर ओढून आलो. दुर्गेश बाहेर दाराजवळच्या बाकावर बसला आहे. मी आत येताना त्याने उठून नमस्कार केला. मी केला नाही.

प्रकरण असे आहे की, आमच्या बेसा भागातील काही बायामाणसांच्या खात्यांतून त्यांच्या नकळत पैसे गेले. कार्ड त्यांच्या पर्समध्येच होते आणि पैसे दुसऱ्या राज्यातल्या एटीएममधून निघाले. बँकेने शोध घेतला तेव्हा ती सगळी कार्डे दुर्गेशच्या दुकानातील मशीनवर चालल्याचे दिसले. बँकेने त्याची मशीन बंद केली. तेव्हापासून त्याच्या दुकानाला कुलूप आहे. उपनिरीक्षक अपेक्षा मॅडम यांनी मला समजावून सांगितले की, दुर्गेशवर गुन्हा दाखल करून त्याला आज अटक करायची की घरी पाठवायचे, हे संध्याकाळपर्यंत ठरायचे आहे. आणि मी समोरचा दुकानदार, त्यात जवळचा नातेवाईक, म्हणून माझ्या सांगण्याला वजन राहील. जे पाहिले तेच सांगा, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, लिहून घ्या, मी सगळेच पाहिलेले आहे. त्याचे दुकान काचेचे आहे आणि माझा गल्ला बरोबर त्याच्या समोर आहे.

आमचे घराणे विणकरांचे. माग बंद पडल्यावर वडील रामाजी यांनी मिरचीचा धंदा धरला, तो मी वाढवला. माझ्याकडे भिवापूरची मिरची मिळते. माझी सासुरवाडीही भिवापूरचीच. देठ काढलेली मिरची, उन्हात वाळवून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दळून देतो. होळीच्या आगेमागे बेसाच्या फ्लॅटस्कीममधल्या बाया वर्षभराचे तिखट भरायला येतात. त्यांच्या सासवा माझ्या वडिलांकडे येत होत्या.

दुर्गेश आधी कंपनीत नोकरीला होता. ती सोडून त्याने स्वयंपाकघराच्या सामानाचे दुकान टाकले, तेही माझ्या समोर. एवढ्या नागपुरात त्याला दुसरी जागा मिळाली नाही. तुम्हाला विचारले होते का, असे मॅडमनी विचारले. विचारले होते. माझ्या पाया पडून विचारले होते, चार पाहुण्यांच्या देखत. पाया पडलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे? यालाच मी त्याची हुशारी म्हणतो.

दुकानाची फीत कापायला माझ्या सासूबाई रुख्माबाई भिवापूरहून आल्या. दिवसभर त्याच्या काचेच्या आत गार हवेत खुर्ची टाकून बसल्या. माझ्या दुकानात त्या आल्या की नाकाला पदर लावतात आणि उभ्याउभ्याच निघतात. मिरची त्यांच्याच गावची आहे. त्या दिवशी मी चहा समोर पाठवला नाही, हे खरे आहे. त्याने मात्र माझ्याकडे पेढे पाठवले. तेही जास्तच पाठवले.

आता मशीनबद्दल सांगतो, कारण मुद्दा तोच आहे. दुर्गेशने पहिल्या दिवसापासून कार्डाची मशीन ठेवली आहे. ती वापरताना तो जी नाटके करतो ती मी रोज पाहतो. सकाळी दुकान उघडल्याबरोबर मशीन उलटी करतो, मागचा नंबर पाहतो, सील चाचपून पाहतो. आंबा घेताना बाया देठ हुंगतात तसे. गिऱ्हाइकाला कार्ड स्वतःच घालायला लावतो, हातात घेत नाही. ते पिन टाकायला लागले की हा तोंड भिंतीकडे करून उभा राहतो. कोणी म्हातारे माणूस आकडा सांगायला लागले तर दोन्ही हात कानावर ठेवतो आणि म्हणतो, "मले नका सांगू जी, मायबापालेही सांगू नका." गिऱ्हाईक लक्ष्मी, आणि हा तिच्याकडे पाठ करतो. माझे मत असे की, ज्याच्या मनात काही नाही त्याला एवढी सोंगे करावी लागत नाहीत.

घरी सिंधूला यातले काही चुकीचे दिसत नाही. ती म्हणते, "किती पद्धतशीर आहेत दुर्गेशजी. काहून जी, सारखे त्यायच्यावरच काहून घसरता?" मला मिरच्या झोंबायला दुकान पुरेसे आहे. घरी आणखी फोडणीची गरज नाही.

माझ्याकडेही मशीन आहे. बँकेनेच दिलेली होती. माझी पद्धत वेगळी आहे आणि ती मी लपवत नाही. माझ्या गल्ल्यावर, वजनकाट्यावर, मशीनवर, सगळीकडे तिखटाची पूड बसलेली असते. बायांना मशीनच्या बटणांना बोट लावायचे नसते, कारण तेच बोट नंतर डोळ्याला लागले तर दिवस गेला. म्हणून त्या कार्ड माझ्या हातात देतात, आकडा तोंडाने सांगतात आणि मी दाबतो. चक्की सुरू असली की मला ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने सांगतात. यमुताई तर निवृत्त मुख्याध्यापिका. हजेरी घेतल्यासारखा त्यांचा आकडा रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जातो. आजवर कोणी तक्रार केली नाही. याला विश्वास म्हणतात. दुर्गेशला एकही गिऱ्हाईक आपला आकडा सांगत नाही. यावरून काय ते समजून घ्यावे, असे मी मॅडमना सांगितले. हवालदार साहेबांचा हात मध्ये थांबला होता, पण मी पुढे सांगायला लागल्यावर ते लिहू लागले.

होळीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, गळ्यात पट्टीचे ओळखपत्र आणि पाठीवर काळी बॅग असलेला एक पोरगेला माणूस आधी दुर्गेशच्या दुकानात गेला. त्याने बॅगेतून नवीकोरी मशीन काढून काउंटरवर ठेवलेली मी पाहिली. मोठा पडदा असलेली, मोबाइलसारखी. दुर्गेशने ती हातात घेतली, उलटी केली, मग कोणाला तरी फोन लावला. फोनवर बराच वेळ बोलला. मला वाटले, ऑर्डर देऊन राहिला. मला ते पाहवले नाही, हे मी नाकारत नाही. आताशा कुठे माझी मशीन त्याच्या मशीनच्या बरोबरीची दिसू लागली होती, आणि हा लगेच पुढची घेणार. मग सासूबाईंना दाखवणार, मग सिंधू घरी येऊन मला सांगणार.

तो माणूस बाहेर आला. मीच त्याला हात करून बोलावले. त्याने नाव सौरव सांगितले, बँकेकडून आलो म्हणाला. मी विचारले, समोर दिली का? तो म्हणाला, "नाही काका, त्यायले उद्या देणार आहो. आज जवळ एकच पीस आहे." मी म्हटले, मग ती आजच मला दे. तो म्हणाला, "जुनी जमा करा लागन." मी जुनी मशीन पुसून त्याच्या हातात दिली. कागद मागितला नाही. फोन कोणाला लावला नाही. मला घाई होती. दुर्गेश काचेतून पाहून राहिला होता, आणि त्याच्या देखत ती मशीन माझ्या गल्ल्यावर बसावी एवढेच मला पाहिजे होते.

सौरव गेल्यावर मी मशीनला हळदकुंकू लावले आणि दृष्ट लागू नये म्हणून लिंबूमिरची बांधली. मिरची घरचीच होती. दृष्ट कोणाची, असे मॅडमनी विचारले. समोरची, असे मी सांगितले.

लगेचच दुर्गेश रस्ता ओलांडून माझ्याकडे यायला निघाला. एरवी तो रमतगमत येतो, त्या दिवशी झपाझप आला. एक स्कूटर त्याला धडकता धडकता राहिली. मी मनात म्हटले, लागली आग. आता विचारेल, भाऊजी तुम्हाला कशी मिळाली, माझी तर उद्यावर टाकली. त्याचे ते गोड बोलणे मला ऐकायचे नव्हते. मी चक्कीचे बटण दाबले. चक्कीत दळायला काहीही नव्हते. रिकामी चक्की जास्त ओरडते.

तो गल्ल्यापुढे उभा राहून बोलू लागला. ओठ हलत होते, हात मशीनकडे करत होता, डोके नाही-नाही असे हलवत होता. मला एक अक्षर ऐकू आले नाही. मी मान डोलावली, हो हो म्हटले. दोनदा म्हटले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले आणि तो गेला. साडूला मी कसे वाटेला लावले, हे त्या रात्री सिंधूला रंगवून सांगितले. तिला हसू आले नाही. ती म्हणाली, "दिपाली फोनवर मशीनचंच कायतरी सांगून राहिली होती." मी म्हटले, जेवताना त्या घराचे नाव काढू नको. तिने काढले नाही.

नवीन मशीनचे सांगायचे तर ती दिसायला चांगली होती. कार्ड घालून आकडा दाबला की गोल गोल फिरत असे आणि मग सर्व्हर बंद आहे असे येत असे. एकदाही पैसे जमा झाले नाहीत. सौरवने दिलेल्या नंबरवर फोन केला तर तो म्हणाला, सीझनचा लोड आहे, होईल सुरळीत. पुढे पुढे फोन लागेनासा झाला. मी हे कोणाला सांगितले नाही. भिवापूरला एका बारशाला सगळ्या सासुरवाडीसमोर मी सांगून बसलो होतो की, दुर्गेशच्या आधी कंपनीने मला मशीन दिली, जुने व्यापारी पाहूनच देतात. आता ती चालत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आमच्या रस्त्यावर असा रिवाज आहे की, एकाची मशीन बंद असली तर शेजारच्याच्या मशीनवर गिऱ्हाईक पाठवायचे. तो संध्याकाळी रोख आणून देतो. पानठेल्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळे असेच करतात. म्हणून माझी मशीन चालली नाही की मी बायांना समोर पाठवत होतो. पहिल्या वेळी दुर्गेश कां-कू करत होता. म्हणाला, "नियमात बसत नाही भाऊजी. पण तुमाले नाही कसं म्हणू?" आणि त्याने घेतले. रोज संध्याकाळी न सांगता पैसे आणून देत होता, एका रुपयाचा फरक नाही. एवढा चोख माणूस मी पाहिलेला नाही, आणि एवढा चोख माणूसच मोठा हात मारतो, असे मला तेव्हा वाटले.

दर वेळी तुम्ही आधी तुमच्या मशीनवर प्रयत्न करत होता का, असे मॅडमनी विचारले. अर्थातच. प्रत्येक वेळी. एकदा नाही झाले तर दोनदा, तीनदा. बाया कंटाळून म्हणायच्या, "राहू द्या न भाऊ, समोर देऊन येतो." तरी मी म्हणत होतो, थांबा, आता होईल. आपले गिऱ्हाईक आपल्या हाताने त्याच्या काचेच्या दारातून आत पाठवणे मला जिवावर येत होते. आत गेलेली बाई बाहेर येताना हातात तवा नाहीतर बरणी घेऊन येईल, अशी मला धास्ती. शक्य असते तर मी एकही बाई पाठवली नसती.

मग यमुताईंचे पैसे गेले. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. त्या माझ्या दुकानात येऊन मिरचीच्या पोत्यावर बसल्या. एवढी खणखणीत आवाजाची बाई, पण त्यांचे बोलणे मला वाकून ऐकावे लागले. म्हणाल्या, "ईश्वरदास, इथं सोडून बाहेर मी कार्ड काढतच नाही. कोणी केलं असंल?" मी रस्त्यापलीकडे बोट दाखवले. बोटाला तिखट लागलेले होते. त्या बराच वेळ त्या दुकानाकडे पाहत बसल्या आणि मग रिक्षा करून बँकेत गेल्या. नंतर हिमानी नावाची एक नवी सून आली, तिचेही तसेच. तिलाही मी तेच दाखवले. पुढे लोक आपसातच बोलू लागले. कोणीतरी रात्री दुर्गेशच्या काचेवर शेण फेकले. सकाळी दिपाली ते धूत होती. मी माझ्या गल्ल्यावरून पाहत होतो. मला बरे वाटायला पाहिजे होते. वाटले नाही, पण मी नजरही काढली नाही.

इथपर्यंत सांगून झाल्यावर मी मॅडमना म्हटले की, माझी तक्रार एवढीच आहे, त्याला सोडू नये.

त्यावर मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. तो पहिल्यांदा मला ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी मोठ्याने विचारला. "काका, यमुताईंनी दुर्गेशच्या दुकानातून काय घेतलं?"

मी म्हटले, काही नाही. त्यांनी तिखट घेतले. माझ्याकडून.

"आणि हिमानीने?"

हिमानीने तिखट आणि हळद. माझ्याकडून.

मॅडमनी बाकीच्या बायांची नावे घेतली. मी प्रत्येकीचे सांगत गेलो. कोणी भिवापुरी घेतली होती, कोणी तिच्यात रंगाची मिरची मिसळून घेतली होती, एकीने फक्त धने दळून घेतले होते. सगळ्या माझ्या गिऱ्हाईक होत्या. दुर्गेशची त्यात एकही नव्हती. मी शेवटच्या नावापर्यंत आलो आणि पाणी मागितले. हवालदार साहेबांनी पाणी दिले.

मॅडमनी मग मला समजेल अशा भाषेत सांगितले. चांगल्या मशीनमध्ये दुकानदाराला कार्डातले काही दिसत नाही आणि पिन कोणालाच दिसत नाही. पण मशीनच बनावट असली तर ती कार्डातली माहिती आणि दाबलेला आकडा दोन्ही साठवून पुढे पाठवते, त्यावरून चोर तसेच दुसरे कार्ड बनवतो, आणि मशीन वर सर्व्हर बंद आहे असे दाखवते. तिला पैसे जमा करायचेच नसतात. बँकेच्या नोंदीत तिचा पत्ताच येत नाही. पुढे ज्या खऱ्या मशीनवर ते कार्ड चालते, नोंद तिचीच होते. म्हणजे दुर्गेशची. मी जेवढ्या वेळा थांबा, आता होईल म्हटले, तेवढ्या वेळा मी त्या बायांचा आकडा माझ्या बोटाने त्या चोराला लिहून दिला.

मी म्हटले, सौरव आधी दुर्गेशकडेच गेला होता, त्याला माहीत असेल तर त्याने सांगायला पाहिजे होते. घरचा माणूस आहे, त्याने मला काहून नाही सांगितले?

तेव्हा मॅडमनी दुर्गेशने सकाळी दिलेल्या जबाबातील काही ओळी मला वाचून दाखवल्या. सौरव दुकानात आल्यावर त्याने मशीनच्या मागचा नंबर पाहिला, तो बँकेच्या माणसाला फोनवर कळवला, असा कोणी माणूस पाठवलेला नाही असे कळल्यावर त्याला हाकलले. मग तो माणूस माझ्या दुकानात शिरताना दिसला, म्हणून बँकेशी फोनवरचे बोलणे संपताच तो रस्ता ओलांडून आला. तो माझ्यापुढे उभा राहून जे बोलला ते त्याने जसेच्या तसे लिहून दिले आहे: "भाऊजी, तो बँकेचा माणूस नाही आहे. त्याची मशीन वापरू नका. तुमची जुनी घेऊन गेला असंल तर आत्ताच बँकेत फोन लावू, मी लावून देतो." आणि पुढे त्याने लिहिले आहे की, भाऊजींनी हो हो म्हटले, दोनदा म्हटले, म्हणून मी निश्चिंत झालो. पुढे भाऊजींची मशीन बंद असते म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा मला वाटले की, ती बनावट मशीन गल्ल्यावर नुसती पडून आहे, वापरात नाही, आणि बँकेची नवी अजून आली नाही. म्हणून नियमात नसताना मी ती बिले घेतली. चूक माझी आहे.

त्या दिवशीचे त्याचे हलणारे ओठ मला आता सगळे आठवतात. शब्द बरोबर बसतात.

भाऊजींवर संशय आहे का, असे त्याला सकाळी विचारले होते. त्याचे उत्तरही मॅडमनी वाचून दाखवले. तो म्हणाला की, भाऊजींना विश्वास हाच धंदा माहीत आहे, त्यांना कोणीतरी फसवले असेल, त्यांना ठाण्यात बोलावू नका, त्यांना कमी ऐकू येते, लोकांसमोर ओशाळतात. मला कोणी बोलावले का नव्हते, ते मला तेव्हा समजले.

यापुढचे मी विचारून नव्हे, आपणहून सांगतो आणि ते असेच लिहावे. दुर्गेशचा यात काही हात नाही. ती मशीन मी घेतली. तो घेईल म्हणून घेतली, आणि तो घेत नव्हता. मी यमुताईंना खोटे बोट दाखवले. त्या वेळी मला ते खरे वाटत होते, पण खरे वाटावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते. मला माझ्या साडूचा हेवा वाटतो. त्याच्या काचेचा वाटतो, त्याच्या दुकानातल्या सासूबाईंच्या खुर्चीचा वाटतो, आणि आज त्याने जे लिहून दिले त्याचा सगळ्यात जास्त वाटतो. त्याच्या जागी मी असतो तर माझे बोट कुठे गेले असते, हे मला माहीत आहे. ते गेलेलेच आहे.

मशीन माझ्या गल्ल्यावर लिंबूमिरचीसह तशीच आहे. ती पोलिसांनी जप्त करावी. सौरवचे वर्णन वेगळे देतो. यमुताईंना आणि बाकीच्या बायांना मी स्वतः घरी जाऊन सांगणार आहे. दुर्गेशला आज घरी पाठवावे, ही माझी मागणी. आधी मी सोडू नये म्हणालो होतो, ते खोडावे. हवालदार साहेब म्हणाले की, लिहिलेले खोडता येत नाही, आधीचेही राहील आणि नंतरचेही राहील. मी ठीक आहे म्हटले.

हा जबाब मला मराठीत, मी विनंती केल्याप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. हवालदार साहेबांचा आवाज मोठा आहे. खोलीचे दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर दुर्गेश होता, आणि मी जबाब देत असतानाच केव्हातरी सिंधू आणि दिपाली डबा घेऊन आलेल्या होत्या. पाया पडण्याच्या हुशारीपासून शेण धुण्यापर्यंत सगळे त्यांनी ऐकले. थोडे हळू वाचा, असे मला म्हणता आले असते. मी म्हटले नाही.

वाचून झाल्यावर मॅडमनी दुर्गेशला घरी जायला सांगितले. तो उठून दारात आला. मला वाटले, आता बोलेल ते बोलेल, मी ऐकून घेणार. तो माझ्या उजव्या बाजूला आला आणि कानाजवळ वाकून म्हणाला, "भाऊजी, घरी गेल्यावर त्या मशीनले हात नका लावू. पोलिसायलेच उचलू द्या. मी संग येतो."

हे मला पूर्ण ऐकू आले. ते जबाबात घ्यावे, असे मी सांगितल्यावरून घेतले आहे. वरील सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे.